गिरजामायनं मागितलेला मोबदला

नवऱ्याची अफू सुटावी म्हणून मी त्याला अफूच विकत आणून दिली, आणि वर देवापुढे साखर ठेवली! हा शहाणपणा माझाच. गिरजामाय गेल्याचा निरोप वलगावहून आला त्याला आता दीड महिना होईल. तेव्हापासून तो शहाणपणा सारखा आठवतो...

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. लोकांनी बैलांची शिंगं चांदीनं मढवली. आमच्या ह्यांनी अमरावतीच्या पेठेत दलालांच्या पंगतीला बसून अफू जवळ केली. वर्षभरात माणूस बाजेवरून उठेना. कुणीतरी म्हणालं, अकोल्याला एक औषधवाला हमखास सोडवतो. मी विशीतली, नाक वर करून चालणारी. गाडी जुंपून गेले, माहेरच्या पाटल्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि काळ्या गोळ्यांची बरणी घेऊन आले. काय तो गुण! त्याच दिवसापासून ह्यांनी अफूचं नाव टाकलं. फक्त गोळी तेवढी दिवसातून चारदा मागायचे. मी गावभर सांगत सुटले.

गिरजामाय वलगावची माळीण, आमच्या दारी भाजी घेऊन यायची. सख्ख्या भावाची अफू तिनंच सोडवली होती, हे मला ठाऊक होतं. पण माळणीला काय विचारायचं, ही माझी ऐट! तिलाही मी बरणी मिरवून दाखवली. तिनं हुंगली, टोपली खाली ठेवली आणि हसत सुटली.

"काहून हसून राहिली वो माय?"

"अवं येडे, हे अफूच हाये! तुले वास नाही आला? रोज लेकराले चाटवून राहिली ना तू?"

खरंच होतं. वेचणीच्या दिवसांत तान्ह्याच्या जिभेला अफूचं बोट लावायचं, ते निजलं की कापूस वेचायला जायचं, हा आम्हा साऱ्याजणींचा रिवाज. माझी मैना नऊ महिन्यांची, अंगानं काडी; आणि मी तिचं 'गुणाची, कधी रडत नाही' म्हणून कौतुक करायची...

ह्यांची अफू सोडव म्हणून मी रडत विचारलं, "काय घेशील वो माय?" पाटल्या तर गेल्याच होत्या.

"त्याले माह्या मळ्यात धाड, मोट हाकू दे. अन् तुयाकडून लेकराच्या अफूची डबी पायजे. आत्ताच."

हात अडला माझा. पोर रडेल, वेचणी कशी व्हायची?

"रडू दे. रडते म्हंजे जित्ती हाये."

दोन महिने हे तिच्या मळ्यात राहिले. गूळ-ओव्याच्या गोळ्या ती स्वतः वळायची, त्यात अफू दर दिवशी तिळाएवढी कमी. जमीनवाल्यानं माळणीची मोट हाकावी, म्हणून गाव हसलं. हे ओकले, तिला शिव्या घातल्या. ती म्हणायची, "शिव्या दे, पण बैल थांबवू नको." इकडे मैनेनं घर डोक्यावर घेतलं, तिला पाठीला बांधून मी कापूस वेचला. मग हळूहळू पोर दूधभात मागू लागली. आज तिला नातवंडं आहेत. आणि ह्यांनी पुढे तीस वर्षं माझ्याशी भांडून संसार केला, सगळा शुद्धीवर!

गोळीत नुसता गूळ-ओवा उरला, त्या दिवशी मी मळ्यात धावत गेले आणि हुंदके देत तिच्या पायांवर लोळण घेतली. ती म्हणाली, "सोडली त्यानं, सोसलं तुया लेकरानं. म्या नुसत्या गोळ्या वळल्या. ऊठ आता, मेथीच्या वाफ्यात बसून राहिली तू."