गोधडी शिवणाऱ्या लंकामावशी

लंकामावशीच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. मी लग्न होऊन डिंगोऱ्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या भिंतीपलीकडून मला दोन आवाज ऐकू आले. एक शिलाई मशीनचा. दुसरा माराचा. मशीनचा आवाज थांबला की दुसरा सुरू व्हायचा.

लंकामावशी गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे गणवेश, जे कोणी आणून देईल त्यातून. जमिनीवर सगळ्यात खालचं लुगडं ताणून अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायची, त्यावर एकेक थर लावत जायची आणि मग गोधडीवरच मांडी घालून हातानं धावदोरा घालत मध्याकडे सरकायची. मशीन होतं ते बाळाच्या कपड्यांसाठी. आमच्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाळंतविडा माहेरच्यांनी द्यायचा. कुंची, झबली, टोपडी, दुपटी. पंचक्रोशीतल्या किती बाळांना पहिला कपडा मावशीच्या हातचा मिळाला, ते मला सांगता येईल. मी आशा सेविका आहे. घरोघर जाऊन बाळं मीच बघते.

तिचा नवरा रामनाथ बैलांचा व्यापारी. बेल्ह्याच्या बाजारात त्याचं नाव होतं. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि भडकलेला खोंड त्याच्यापुढे मान खाली घालायचा. जनावरावर त्यानं कधी काठी उगारली नाही. दारूही पीत नव्हता. प्यायला असता तर लोकांना तेवढं तरी बोलायला झालं असतं. तो शुद्धीत मारायचा आणि मारून झालं की हात धुऊन जेवायला बसायचा.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मावशीनं बारा पोरींचे परकर-पोलके शिवले. हेडमास्तरांनी स्टेजवरून तिचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. रामनाथ तिथं नव्हता, पण त्याला ते बाजारात कळलं. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "काय राव, आता लंकाबाईचा मालक म्हणून वळखायचं का तुमाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. मावशी मशीनवर बसली होती. मी भाकरी थापत होते. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, अजिबात चढलेला नव्हता.

"शिव ना. थांबलीस का? शिव."

"वाढते ना. उठू द्या."

"न्हाई, शिव. गाव टाळ्या वाजवतंय तुला."

मग मशीन सुरू झालं आणि मावशी ओरडली. तसं ओरडणं मी बाळंतपणातही ऐकलेलं नाही. मशीन थांबलं नाही. मावशीनं पुढे सांगितलं, त्यानं तिचा उजवा हात सुईखाली दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवत होता. पहिल्या दोन बोटांच्या नखांतून सुई आरपार गेली, वर आली, पुन्हा गेली. हाडात मोडली तेव्हा चाक अडकलं.

मी उठले. दारापर्यंत गेले. आणि दाराला आतून कडी लावली.

हे मी पुढे कोर्टात सांगितलं, म्हणून इथंही सांगते. सगळी आळी ऐकत होती. एकही दार उघडलं नाही. थोड्या वेळानं रामनाथच तिला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. "मशीनमधी हात आला," असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. बोटं चिघळली. महिनाभरानं जखम भरली, पण ती दोन बोटं कायमची ताठ राहिली.

त्यानंतर वर्षभर तिच्या घरात मशीन वाजलं नाही. मी लाजून तिच्याकडे जायचं टाळत होते. एकदा जावंच लागलं, तर ती उंबऱ्यात बसून डाव्या हातानं फडक्यावर टाके घालत होती. वाकडे, लांडे, पोरानं घातल्यासारखे. उसवायची, परत घालायची. माझ्याकडे न बघता म्हणाली, "डावा हात लई ढ हाय गं. पन शिकंल." शिकला. डाव्या हाताच्या टाक्यांचा तिरपा कल मात्र राहिला. लोक लांबून ओळखू लागले, ही लंकाबाईची गोधडी.

मार चालूच होता. मी मलम घेऊन जाऊ लागले, एवढाच फरक. "मावशी, पोलिसात चला," असं मी तीनदा म्हटलं. ती म्हणायची, "मोहिनीचं लगीन होऊ दे." मोहिनी तिची एकुलती एक लेक. मोहिनीचं लग्न आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ झालं. जावई भरत, टेम्पो चालवतो, सरळ माणूस. मग मावशी म्हणू लागली, "तिचं पयलं बाळंतपन होऊ दे."

गेल्या साली फाल्गुनात मोहिनी माहेरी आली. आठवा महिना लागला होता. मावशीनं तिच्या बाळंतविड्यासाठी तीन महिने आधीच कापड जमवलं होतं. खणाची कुंची, तिला मोत्याची झालर. आपल्या लग्नातल्या शालूचा पदर कापून दुपट्याला लावला होता. मी मोहिनीचं वजन करायला जायची तेव्हा मावशी एकेक कपडा मांडीवर पसरून दाखवायची. तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच दिवसांत जुन्नरच्या एका महिला मंडळानं तिला गोधडी शिकवायला बोलावलं. कुणीतरी तिचा फोटो काढला आणि तो मोबाईलवरून फिरत फिरत बेल्ह्याच्या बाजारात पोचला.

कांदा काढणीचे दिवस होते. गाव रानात. मी घरी रजिस्टर भरत बसले होते. दुपारी दीड-दोनचा सुमार असेल, मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. मग रामनाथचा तसाच थंड आवाज.

"फोटो काढायला गेलीस व्हय?"

आत काय झालं ते मावशीनं मला नंतर सांगितलं. जमिनीवर नवी गोधडी अंथरलेली होती आणि ती तिच्यावर बसून कडेचं कापड बेतत होती. तो चपला घालूनच गोधडीवर आला. कोपऱ्यात ट्रंकेवर बाळंतविडा घडी करून ठेवलेला होता. त्यानं तो खाली ओढला. दुपट्याचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं वर खेचलं. फाटण्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला. मग कुंची. मग झबली, एकामागून एक.

मोहिनी आतल्या खोलीतून आली. "आबा, माझ्या बाळाचं हाय ते! आबा, नका!"

"व्हय बाजूला."

"न्हाई होणार."

त्याच्या हातात काठी होती. बाजारात मिरवायला असायची, पितळी मुठीची. त्यानं ती फिरवली. मुठीकडचा भाग मोहिनीच्या कंबरेवर बसला. ती पोट धरून खाली वाकली आणि उंबऱ्यावर आपटली. त्यानं काठी परत वर घेतली.

मी धावले. या वेळी कडीकडे बघितलंसुद्धा नाही. पण मी त्यांच्या दारात पोचेपर्यंत झालं होतं. पुढचं मावशीनंच पोलिसांना सांगितलं. बेतायची मोठी लोखंडी कात्री तिच्या डाव्या हातात होतीच. ती बसल्या जागेवरून उठली आणि ती कात्री रामनाथच्या मांडीत मुठीपर्यंत घुसवली. तो वळला. तिनं बाहेर ओढली आणि पुन्हा मारली, त्याच मांडीत, जरा खाली. काठी पडली. तो गोधडीवर कोसळला.

मी पाहिलं तेव्हा रक्त उसळून येत होतं. आशा सेविका असून मी एवढं रक्त पाहिलं नव्हतं. गोधडीच्या वरच्या थरातून खाली, त्याच्या खाली, असं मुरत चाललं होतं. रामनाथचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो एकच शब्द म्हणत होता, "लंके, लंके."

मावशी कात्री घेऊन उभी होती. मला म्हणाली, "आधी मोहिनीला बघ."

मोहिनीचा श्वास चालू होता, पाणी गेलं होतं. मी फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. फाटलेल्या दुपट्याची पट्टी घेऊन रामनाथची मांडी वर आवळून बांधली. रक्त थांबेना.

"मावशी, इथं दाबून धरा. दोन्ही हातांनी. न्हाईतर जाईल हा माणूस."

"मी न्हाई धरनार," ती म्हणाली. ओरडून नाही. जाऊन मोहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मग मीच माझे दोन्ही गुडघे त्याच्या मांडीवर रोवून बसले. पंचवीस मिनिटं. गाडी आली. एकच गाडी होती, म्हणून बाप आणि लेक शेजारी शेजारी गेले.

संध्याकाळी मोहिनीला मुलगी झाली. पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मावशीनं तिला पाहिलं नाही, कारण तोवर मावशी पोलीस ठाण्यात होती.

तिथल्या बाई हवालदार समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "झटापटीत लागली, असंच झालं ना?"

"झटापट न्हवती. मी मारली. दोनदा मारली."

"अहो मावशी, नीट आठवून सांगा."

"नीटच आठवतंय. दुसऱ्यांदा मारली तवा त्यो काय करत न्हवता. लिवा." मग उजवा हात टेबलावर ठेवून म्हणाली, "आनि हे बी लिवा. हे मशीननं न्हाई केलेलं."

वकिलानं नंतर डोक्याला हात लावला. एकोणीस दिवसांनी तिला जामीन मिळाला. तिच्यावर खटला उभा राहिला. रामनाथ वाचला, त्याच्यावरही उभा राहिला, मोहिनीला मारल्याचा आणि जुन्या दुखापतीचा. जुन्या दुखापतीला साक्षीदार कोण? मीच.

रामनाथचा थोरला भाऊ सावळेराम बेल्ह्याहून चार माणसं घेऊन आमच्या घरी आला. चहा घेतला नाही.

"उज्ज्वला, तू भावकीतली सून. नऊ वरसांपूर्वी तू काय पाह्यलं न्हाईस."

"पाहिलं नाही. ऐकलं."

"ऐकल्याला काय पुरावा अस्तो? उद्या तुज्या घरात काय झालं तर भावकीच लागंल ना?"

माझा नवरा खाली बघत बसला होता. मी म्हणाले, "काका, त्या दिवशी भावकी याच आळीत होती. सगळी."

पुढचे सहा महिने आमच्याशी कोणी बोललं नाही. आमचा सामाईक विहिरीवरचा पाळीचा दिवस काढून घेतला. एका पहाटे आमच्या गोठ्यातल्या वासराच्या मागच्या पायावर कुऱ्हाडीचा घाव दिसला. ते वाचलं नाही. मी साक्ष दिली.

समोरच्या वकिलानं विचारलं, "एवढं ऐकलंत, तर मदतीला का गेला नाहीत?"

"भ्याले होते," मी म्हणाले. "कडी लावून बसले होते."

कोर्टात कोणीतरी हसलं. मावशी माझ्याकडे बघत होती. तिला हे आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं. कडीचा आवाज भिंतीपलीकडेही जातोच.

मावशी आता त्या घरात एकटी राहते; रामनाथ बेल्ह्याला भावाकडे असतो. काही बायकांनी तिला लुगडी देणं बंद केलं. नवऱ्यावर हत्यार चालवलेल्या बाईच्या हातचं बाळाला नको म्हणतात. काही जणी मात्र येऊन नुसत्या बसतात. एकदा पश्चिमेकडच्या डोंगरातली धोंडाबाई नावाची बाई आली. डोळा काळानिळा झालेला. म्हणाली, "तुमी केलं तसं मला करायचं हाय."

मावशी तिच्यावर जवळजवळ खेकसली. "बिलकुल करू नकोस! पोलिसात जा. आजच जा. या उज्ज्वलाला घेऊन जा." धोंडाबाई माझ्याबरोबर आली. तिचं पुढं बरं झालं असं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. ती आठ दिवसांनी परत नवऱ्याकडे गेली.

धोंडाबाई गेल्यावर मावशी सुईत दोरा ओवत बसली. मग म्हणाली, "कात्री कापडातनं जाती ना, तशीच गेली बघ. हाताला काय येगळं लागलंच न्हाई. मला त्याचंच भ्या वाटतं." दिवसभरात ती अचानक हात धुवायला उठते. माराचे व्रण मी मोजू शकते, हे नाही.

मोहिनीची मुलगी वाचली. नाव श्रेया. भरत दर पंधरवड्याला दोघींना टेम्पोतून घेऊन येतो. पोरगी आता भिंतीला धरून पावलं टाकते.

खटला अजून चालू आहे. तारखेला मी आणि मावशी एसटीनं जुन्नरला जातो. रामनाथही येतो, सावळेरामच्या आधारानं, एक पाय ओढत. त्याला आता बैल धरता येत नाही. बाजारात बाकावर बसून तोंडानंच सौदे जमवतो, असं म्हणतात. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं एकाच भिंतीला पाठ लावून बसतात, मधे चार-पाच माणसं.

गेल्या तारखेला मधली माणसं उठून आत गेली. रामनाथ समोर बघत म्हणाला, "पोरगी चालाय लागली म्हनं."

मावशी एसटीच्या तिकिटाची घडी घालत राहिली.

"कुनावर गेली दिसायला?"

मी मावशीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तिला तुमी बघायचं न्हाई," ती म्हणाली. "कोरट काय बी म्हनू दे. मला आत घातलं तरी न्हाई."

आतून शिपायानं नाव पुकारलं. मावशी उठली आणि त्याच्यासमोरून आत गेली.