गप्प पोरीचा मामा

शेवटच्या भेटीतही मल्लूमामा प्रश्नच विचारत होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, दोन शब्द बोलायचे तर धाप लागायची, आणि सलाइन बदलायला आलेल्या नर्सला म्हणतो, "सिस्टर, हे थेंब जोरात सोडलं तर काय होतंय हो?" ती हसली. मामीनं कपाळाला हात लावला, "आता तरी गप पडा की!" पण गप पडेल तो मामा कसला. त्याच आठवड्यात, माळशिरसला माझ्या शाळेची मधली सुट्टी चालू असताना मामेभावाचा फोन आला... आता महिना होत आला. रेल्वेतून निवृत्त झालेला एक चौकस माणूस गेला, एवढीच लोकांच्या लेखी ही बातमी. मी आज जी कोणी आहे ती त्या चौकसपणामुळं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मामा होटगीला सिग्नल खात्यात होता. सुट्टी असली की पॅसेंजरनं सोलापुरात आमच्याकडं यायचा. आईचा हा धाकटा भाऊ. घरात पाऊल टाकलं की तपास सुरू... माठ कधी बदलला, शेजारचं कुत्रं आज भुंकलं कसं नाही, आमटीला वेगळा वास का येतोय. आई वैतागायची. मला तो 'पुट्टी' म्हणायचा, कन्नडमध्ये छोटीला म्हणतात तसं. मी तेव्हा तिसरीत होते आणि गल्लीतली आदर्श मुलगी होते. भांडण नाही, दंगा नाही, बाईंनी बसवलं तिथं बसायचं, नंबर कायम पहिला नाहीतर दुसरा. गल्लीतल्या आया आपल्या पोरांना माझं उदाहरण द्यायच्या आणि ती पोरं माझ्यावर दात खाऊन असायची. मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर मला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

दर संक्रांतीला मामा मला गड्ड्याच्या जत्रेत न्यायचा आणि बांगड्या भरायचा. त्या वर्षी कासारणीनं माझा हात दाबून पाहिला आणि मापाच्या बांगड्या काढून पुढं ठेवल्या. मामा म्हणाला, "मागल्या साली पण हेच माप होतं की." कासारीण म्हणाली, "नाजूक हात हाय पोरीचा. चांगलं असतंय." मामाला काही ते चांगलं वाटेना. बांगड्यांचं माप त्याच्या डोक्यात जे बसलं ते निघालंच नाही. पुढं उन्हाळ्यात एका दुपारी तो आला, तेव्हा बाहेर सोलापूरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि मी चादर पांघरून झोपले होते. घरात त्यावरून माझी थट्टा चालायची, ही एकटी सोलापूरच्या चादरी खपवणार म्हणून. मामानं माझ्या पायाला हात लावून पाहिला आणि आईला विचारलं, "अक्का, हिला घाम येतोय का गं?"

आईला आठवावं लागलं. मला घाम येत नव्हता.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी सुस्त पडली होती. वाढ त्यामुळंच खुंटली होती. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं. आईला पटेचना. "पण अभ्यासात हुशार हाय की ही!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

गोळी लागू पडली. भूक लागायला लागली, फ्रॉक आखूड झाले. आणि चौथीत मी तोंड उघडलं ते उघडलंच. शेजारणीशी गप्पा, मागच्या बाकाशी मारामारी, मधल्या सुट्टीनंतर वर्गात परतायला शेवटून पहिली. आश्चर्य मला स्वतःलाच जास्त वाटत होतं. इतके दिवस खिडकीबाहेरच्या रस्त्यावर एवढं सगळं चालू असायचं आणि मला ते दिसलं कसं नव्हतं? बाई फळ्यावर लिहायच्या आणि मी बाहेर बघत बसायचे. सहामाहीला नंबर दहाच्याही खाली गेला. बाईंनी आईला बोलावून घेतलं. "अहो, आधी किती गुणी होती! दृष्ट लागली की काय कुणाची?"

आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यानं काही होईना. मग तिनं गोळी बंद केली. फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा होती. सातवीत शाळा सोडावी लागलेल्या बाईनं लेकीच्या नंबरावर काय काय बांधलं असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की सकाळी उठल्या उठल्या चहा मिळायला लागला. हळूहळू मी पुन्हा शांत झाले. सांगेल तिथं, सांगेल तेवढा वेळ बसायला लागले. आई खूश होती.

मामा आला तो रविवार मला लख्ख आठवतो. त्याची पिशवी उपसायला मी धावले नाही. त्यानं हाक मारली, ओ द्यायला मला वेळ लागला. तो आईकडं वळला. "गोळी संपली का?"

"संपली न्हाई. बंद केली. परीक्षा हाय की. तेवढी झाली की परत चालू करते."

मला वाटलं, मामा आता भडकणार. तो माझ्याशेजारी खाली बसला. "पुट्टी, तुला कसं वाटतंय?" हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "झोप येतीय." मग त्यानं उठून माझ्या डोक्यावर आडवा हात धरला आणि आईला म्हणाला, "नंबर आला आन् पोरगी हितंच राह्यली, तर चालंल तुला?"

आई रडली. दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्या आईला रागावल्या, गोळी पुन्हा चालू झाली. मामानं मात्र आपला प्रश्न सोडला नाही. औषधानं पोरगं सुधारतं, मग हिचे मार्क का पडले? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, आधी ती शहाणी नव्हती, दमलेली होती. आता अंगात जीव आलाय. तो जीव घेऊन एका जागी बसायला शिकेल, पण वेळ लागेल." परतताना रिक्षात मामा एवढ्यावर किती खूश होता! 'दमलेली होती', 'दमलेली होती' असं स्वतःशीच घोळवत होता.

स्कॉलरशिप मिळाली नाही. आई उन्हाळाभर मामाशी नीट बोलली नाही. बसायला मी हळूहळू शिकले, मार्कही वाढले, पण तो पहिला-दुसरा नंबर पुन्हा कधी आला नाही. आज मी शाळेत शिकवते. पालकसभेत कुणी अभिमानानं सांगितलं, "आमची फार शांत आहे हो," की मी विचारते, तिला घाम येतो का? पालक चमकतात. बहुतेक वेळा ती पोरगी नुसतीच शांत स्वभावाची निघते आणि माझं हसं होतं. कॉलेजात असताना मी मामाला एकदा विचारलं होतं, "खरी मी कुठली रे? आधीची की नंतरची?" तो म्हणाला, "मला काय ठाव? गोळी घेतल्यावर कोण निघतंय, तेच तर बघायचं होतं की."

फोन आला त्या दिवशी मी एसटीनं होटगी गाठली. मामाला हॉलमध्ये ठेवलं होतं. मी भिंतीला टेकून बसले. माझं तोंड कुठंही बंद नसतं अशी माझी ख्याती आहे, पण त्या दिवशी रडू फुटेना की शब्द. मामी बायकांमधून उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"गप का गं? फोनवर तू चार शब्द कमी बोललीस तरी ह्यांना जेवण जायचं न्हाई. पुट्टी गप वाटली, पुट्टी गप वाटली, म्हणत फिरायचे घरभर..." तिनं मामाकडं पाहिलं. "बोल की कायतरी. आज तरी त्यांना काळजी नगं."

मी बोलायला लागले. वर्गातल्या पोरांचं सांगितलं, एसटीत भांडलेल्या बाईचं सांगितलं, काय काय सांगितलं ते आता आठवतही नाही. जमलेली माणसं माझ्याकडं बघत होती. मामाला न्यायला ती उठली, तोवर मी बोलत होते.