कांबळे मिस्त्रींची गाडी

कारखान्यातले किस्से भंगारासारखे असतात. कोपऱ्यात साठत जातात आणि टाकवत नाहीत. पिंपरीच्या आमच्या टूलरूममधले माझ्याकडे पुष्कळ आहेत. बऱ्याच किश्श्यांत मीच हास्यास्पद ठरतो, तेव्हा ते खरे असावेत.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. कांबळे मिस्त्री रिटायर होणार होते. वीस वर्षं त्यांनी गाड्यांचे गिअर केले, पण स्टिअरिंग कधी हातात धरलं नाही. "निरोपाला काय देऊ?" विचारलं, तर म्हणाले, "गाडी."

वर्गणी काढणाऱ्याने यादीच मिटली!

"अहो, रिमोटची! एकदा तरी चालवून बघायचीय."

*

निवड माझ्याकडे आली, कारण मी पीएच.डी.! मला धास्तीच बसली. माणूस जन्मात पहिल्यांदा गाडी चालवणार आणि मी चुकीची आणली तर? आठ दिवस गाड्यांच्या तुलनेचे तक्ते केले. पुण्याच्या कॅम्पातल्या दुकानदाराला विचारलं, "उन्हात रिमोटची फ्रिक्वेन्सी सरकते का?"

तो म्हणाला, "साहेब, सेल घाला, चालते. सेल काढा, थांबते."

*

काउंटरवर दोन गाड्या होत्या. लाल, झोकदार आणि महाग. निळी, संथ आणि स्वस्त. बरोबर आलेल्या फिटर शिंदेने दोन्ही खाली ढकलल्या. लालचं चाक निखळलं! दुकानदार ओरडला.

"राव, नवशिका धडकणारच," शिंदे म्हणाला. "डॉक्टर, निळी घ्या."

लालचं चाक त्यानेच बसवून दिलं, पहिल्यापेक्षा पक्कं. माझा तक्ता खिशातच राहिला.

*

इन्स्पेक्शनच्या सावंतांनी निळीच्या चाकांना व्हर्निअर लावला आणि टपावर 'रिजेक्ट'ची चिठ्ठी चिकटवली!

मिस्त्री म्हणाले, "सावंतसाहेब, मलाही मोजा. बघा वीस वर्षांत किती झिजलोय!"

सावंतांनी गुपचूप चिठ्ठी काढली.

*

निरोपाच्या दिवशी प्रात्यक्षिक मी दिलं. लांब जाताना गाडी शहाणी होती. माझ्याकडे वळली, आणि मी डावीकडे म्हटलं की ती उजवीकडे! थेट मॅनेजरसाहेबांच्या बुटावर! वाटलं, संपलं. चुकीचीच गाडी आणली.

मिस्त्रींनी रिमोट घेतला. "डॉक्टरसाहेब, ती समोरून आली की तिचं डावं ते आपलं उजवं. मी आपला तिच्या मागं मागं चालतो."

आणि चालले. जरासे वाकून, टूलरूममधून, शेडमधून, गेटपर्यंत. एकदाही कुठे धडकली नाही. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

गेटवर वॉचमन बाबूराव आडवा आला. "मिस्त्री, माल भाईर नेताय, गेटपास हाय का?"

"न्हाई."

बाबूरावाने वही उघडली. "मग लिवून घेतो. रिटर्नेबल, का नॉन-रिटर्नेबल?"

मिस्त्रींनी गाडी थांबवली.

"गाडीचं विचारतोयस, का माझं?"