वर्षावासाला आलेले भंते

विहारावर टिनं चढली त्याच वर्षी कमिटीनं ठरवलं, यंदा वर्षावासाला भंते आणायचे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू एका जागी राहतो, वंदना घेतो, आणि त्याचं जेवण गाव पाहतं. आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वीसेक वर्षं झाली होती, पण गावात भंते कधी राहिले नव्हते. मी तेव्हा मालेगावच्या शाळेत मास्तरीण होते, रोज बसनं जायचे-यायचे. वडील कमिटीत होते.

भंते जऊळक्याच्या स्टेशनावर उतरले. चाळिशीचे, सावळे, खांद्याला एक झोळी. वाजतगाजत त्यांना विहारात आणलं, पाणी दिलं. मग कमिटीचा सेक्रेटरी त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "भंतेजी, पहिले आपन कोन?"

"पहिले म्हणजे?"

"म्हंजे, दीक्षेच्या अगोदर."

"आईबाप मातंग. दोर वळायचे," त्यांनी सहज सांगितलं.

माणसं एकेक करून उठायला लागली. सेक्रेटरीच्या बायकोनं भंत्यांचा पेला पदरानं धरून मागं नेला आणि राखेनं घासत बसली. घासून झाला तरी घासतच होती. हाच सेक्रेटरी दर जयंतीला भाषणात हॉटेलातली आपली वेगळी कपबशी सांगायचा.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या पाळ्या मोडल्या. कोणाकडे सुतक, कोणाची बाई आजारी. दुपारनंतर भिक्षू जेवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी मी विहारात गेले तर भंत्यांपुढे कोणीतरी पाठवलेलं वरण होतं. आंबलेलं, वर फेस आलेला. त्यांनी ते झाकून बाजूला सारलं आणि पाणी प्यायले.

घरी येऊन मी सांगितलं. वडील म्हणाले, "समाजात राहा लागते. उद्या आपल्या घरी कोन येईन?"

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला.

"अवो, मंग दीक्षा कायले घेतली? तुमाले त्याइची किळस येते. मले तुमची येऊन राह्यली."

त्या दिवसापासून आई रोज सकाळी डबा घेऊन विहारात जायची. शेजारच्या दोन म्हाताऱ्याही जाऊ लागल्या. भंते त्यांना वंदनेचा अर्थ समजावून सांगायचे. इतकी वर्षं तोंडपाठ म्हणत आलेल्या त्या बायका मन लावून ऐकायच्या.

वर्षावास संपला तेव्हा निरोपाला मात्र सगळे आले. मालेगावहून फोटोवाला आणला. कमिटीनं हार घातला, सेक्रेटरीनं डोळे पुसत भाषण केलं, "भंतेजी, तुमी आमचेच." आशीर्वाद देताना भंते एवढंच म्हणाले, "ज्यांनी जेवू घातलं त्यांचं मंगल होवो." हार काढून त्यांनी आईजवळ दिला आणि रिठदकडच्या बसमध्ये बसले.

ते गेल्यावर पंगत बसली. वडिलांनी मला हाक मारली. त्यांच्या बोटांना लागलेला बुंदीचा पाक माझ्यानं पाहवेना. मी घरी निघून आले.

पुढच्या वर्षी कमिटीनं दुसरे भंते बोलावले. या वेळी जात आधीच विचारून घेतली होती. आई वंदनेला गेली नाही. ती आणि त्या दोघी म्हाताऱ्या आमच्या ओसरीवर बसून वंदना म्हणायच्या, आणि वडील आत बसून असायचे.