निनावी लेखाखालचं नाव

हे मी घरी बोललेली नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. माझी कामं वेळेत होतात, कपाटं लावलेली असतात. हे एकच कुठे ठेवायचं ते कळलं नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

मुलुंडच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. शेजारची खोली वैदेहीची. ती राज्यशास्त्र शिकवते. तास संपले तरी मुलं तिच्याकडे बसलेली असायची, हसण्याचे आवाज भिंतीतून यायचे. माझ्याकडे मुलं सहीला यायची — सही झाली की जायची. खुपायचं का? हो. रोज.

पण नम्रता माझी होती. आली तेव्हा तिला धड निबंध लिहिता येत नव्हता. तिला लिहायला मी शिकवलं. शेवटच्या वर्षी तीही त्या खोलीत जाऊन बसली.

मग वरून फोन आला आणि कॉलेजातलं एक व्याख्यान रद्द झालं. त्यावर भित्तिपत्रकात निनावी लेख लागला. दोन ओळींत ओळखला मी — ती वाक्यं माझ्याच हाताखाली घडलेली. भित्तिपत्रक वैदेही बघायची. म्हणजे लेख आधी तिला दाखवला होता. मला नाही.

सरकारी चौकशी समिती आली. वैदेहीनं सरळ सांगितलं, "कुणी लिहिलंय ते मला माहीत आहे. नाव देणार नाही." स्टाफरूममध्ये तिचं काय ते कौतुक!

मला तर कुणी विचारलंही नव्हतं. समितीतले एक गृहस्थ चहा घेताना नुसतं म्हणाले, "नाव कळलं की विषय मिटेल हो, मॅडम." मिटणार नाही, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. मी नाव सांगितलं — आडनावासकट.

पोलीस नम्रताच्या घरी जाऊन आले. वडिलांनी तिचा फोन काढून घेतला, पुढचं शिक्षण बंद म्हणाले. जिन्यात मुलं बोलत होती — "वैदेही मॅडमच फुटल्या यार. दुसऱ्या कुणाला माहीत होतं?" मी दोन पायऱ्या वर उभी होते. ऐकलं, आणि तासाला गेले.

वैदेहीच्या खोलीत आता कुणी जात नाही.

नम्रता कॉलेजात शेवटची आली ती माझ्याकडे. रडत म्हणाली, "मी तुमच्याकडेच यायला हवं होतं ना, मॅडम."

मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटलं — फार बरं वाटलं.