महाराजांवरची पीएच.डी.

गंभीर माणसं एकत्र बसली की किस्से आपोआप साचतात, हे मला आमच्या वाचन मंडळात कळलं. भोपाळमधल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये देशकरकाकांच्या क्वार्टरवर आम्ही काही मराठी मंडळी दर रविवारी जमायचो आणि विदर्भातल्या एका तत्त्वचिंतक महाराजांची प्रवचनं वाचायचो. महाराज जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले आमच्यात एकटे काकाच.

माझी मैत्रीण वसुधा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. महाराजांच्या विचारांवर पीएच.डी. करणार असं तिनं जाहीर केलं, त्या दिवशी काकांनी पेढे वाटले.

*

वसुधा सिनॉप्सिस घेऊन गाइडकडे गेली. पहिल्याच पानावर महाराजांचा फोटो. सरांनी तो हलक्या हातानं काढून तिला परत दिला.

"इन्हें प्रणाम घर पर कीजिए," ते म्हणाले. "यहाँ इनसे बहस करनी है."

"बसमध्ये नुसता राग येत होता गं," वसुधा मला म्हणाली. "सोनागिरीच्या स्टॉपवर उतरले तेव्हा वाटलं, महाराजांना इतकं गंभीरपणे आजवर आपणही घेतलं नव्हतं."

*

टी. टी. नगरच्या एका लायब्ररीत महाराजांची पुस्तकं ज्योतिषाच्या कपाटात होती. ती तत्त्वज्ञानाच्या कपाटात ठेवा, असं वसुधानं सांगितलं.

लायब्रेरियन म्हणाले, "रख दूँगा मैडम. पर वहाँ से कोई ले नहीं जाता."

*

मग तिनं पहिलं प्रकरण मंडळात वाचून दाखवलं. 'महाराजांचा दावा असा आहे की...' एवढं ऐकताच काकांनी चष्मा काढला.

"दावा कोर्टात करतात, वसुधा. महाराज सांगायचे."

"काका, विद्यापीठात 'सांगितलं' एवढ्यावर भागत नाही. का सांगितलं, ते विचारतात."

"मग विद्यापीठानं आधी नीट बसून ऐकायला शिकावं."

दोघांचंही मला पटलं. त्यामुळे मी गप्प बसले.

*

खरी ठिणगी पडली ती तिसऱ्या प्रकरणावरून. सुरुवातीच्या प्रवचनांत महाराज म्हणतात, कर्म हेच बंधन. शेवटच्या काळात म्हणतात, कर्म हीच मुक्ती. वसुधानं सरळ लिहिलं, की ही विसंगती आहे आणि महाराजांनी ती कुठेच सोडवलेली नाही.

"ती लीला आहे," काका म्हणाले. "तुला जमत नसेल तर सोडून दे."

कुमुदकाकू चहाचे कप गोळा करत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, जन्मभर कारखान्यात इन्स्पेक्शन केलंत. ड्रॉइंगवर एकाच भागाची दोन मापं दिसली, तर लीला म्हणून पास करत होतात का?"

कुणी हसलं नाही. पुढचे कित्येक रविवार मंडळ भरलं नाही. वसुधा तर प्रबंध सोडायच्या बेताला आली होती. "त्यांना दुखवून मिळालेली डिग्री मी कुठे लावू?" असं म्हणायची.

*

एके दिवशी काकांनीच आम्हा दोघींना बोलावलं. "महाराजांना ऐकलेल्या माणसाची मुलाखत हवी होती ना तुला? सुरू कर."

रेकॉर्डर मी धरला. काका भिंतीकडे बघत बोलू लागले.

"आमची धाकटी मुलगी तापानं गेली. चार वर्षांची होती. मी तसाच गाडीत बसलो आणि महाराजांकडे गेलो. विचारलं, तिनं कुठलं कर्म केलं होतं? महाराज म्हणाले, मला माहीत नाही. आणि संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिले."

काकू दारात उभ्या होत्या. त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मंडळात हे कधी सांगितलं नाही," काका म्हणाले. "लोकांना वाटलं असतं, महाराजांना उत्तर आलं नाही. तू लिही. जसंच्या तसं."

वसुधानं हळूच विचारलं, "काका, एवढं होऊनही तुमची श्रद्धा टिकली कशी?"

"टिकली?" काका म्हणाले. "अगं, ती त्या दिवशी बसली."