उजवं पान

नोकरीत मी बरंच काही जप्त केलं आणि निवृत्त झाल्यावर त्यातलं बहुतेक विसरूनही गेलो. एक वही मात्र काही केल्या विसरता येत नाही. साधी, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

ऐंशीच्या दशकात मी पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. तेव्हा किनाऱ्यावर चोरटा माल उतरायचा. घड्याळं, सोन्याची बिस्किटं, काय वाटेल ते. वरून सक्त ताकीद होती, त्यामुळे प्रत्येक बंदरावर आमचा एखादा खबरी असायचाच. त्यातल्या एकानं खबर आणली, "साहेब, एक माणूस दर रविवारी दिसतो. कधी वर्सोवा, कधी मनोरी, कधी पार वसईचा बाजार. मासळी घेत नाय, कोणाकडे जात नाय. होड्या बघतो आणि वहीत लिहितो."

पुढच्या रविवारी मी हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत गोराईच्या धक्क्यावर जाऊन बसलो. गृहस्थ सकाळच्या बोटीनं आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. तासभर ते इकडेतिकडे फिरले, मग एका दगडावर बसून लिहू लागले. आम्ही दोन्ही बाजूंनी गाठलं. पळायचा प्रयत्न नाही, आरडाओरडा नाही. फक्त म्हणाले, "चारपर्यंत सोडाल ना?"

ठाण्यात वही उघडली आणि माझा संशय बळावला. समोरासमोरच्या दोन पानांवर एकेका गावाची नोंद होती. डाव्या पानावर मथळा 'सांगायचं', उजव्यावर 'नाही सांगायचं'. आजचं डावं पान असं होतं: 'गोराई. भरती दहाला. तीन होड्या आल्या, मधली निळी. चर्चच्या पायरीवर मांजर.' आदल्या रविवारचं उजवं पान: 'वसई. किल्ल्याचा चढ सोपा आहे.' तुम्हीच सांगा, पोलिसाला यात काय दिसणार? निळ्या होडीत माल आणि किल्ल्यात लपवायची जागा.

"हे कोणाला सांगायचं?" मी विचारलं.

"बायकोला."

हवालदार फिसकन हसला. "बायकोला होड्या मोजून सांगतोस? साहेब, हा पक्का आहे. जरा दम दिला की पोपटासारखा बोलेल."

"ती मालवणकडची आहे," ते खाली बघत म्हणाले. "तिला आवडतं."

आजच्या उजव्या पानावर एकच ओळ होती. 'म्हातारं जोडपं, वाळूत, हात धरून.'

"हे जोडपं कोण? तुमची माणसं?"

यावर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मी आवाज चढवला, पुन्हा पुन्हा विचारलं, उपयोग शून्य. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिले की निलंबन ठरलेलं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. "घरी जाऊन बघा हवं तर," ते म्हणाले. "पण साहेब, वर्दीत नको. आणि ती वही नेऊ नका. हात जोडतो."

पोलिसाला 'नेऊ नका' म्हटलं की तो काय करणार? वही काखेत मारली आणि निघालो.

घर चारकोपला, सेक्टरमधल्या बैठ्या घरांपैकी एक. शेजारच्या बाईंनी दार उघडून दिलं. खिडकीशी खाट लावलेली होती आणि खाटेवर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. पायांवर चादर. सहा वर्षांपूर्वी पडल्या, कमरेखालचं सगळं गेलं, असं शेजारणीनं दारातच कुजबुजून सांगितलं.

"मी त्यांच्या ओळखीचा," मी म्हणालो. "त्यांना जरा उशीर होईल."

त्यांचं लक्ष वहीवर गेलं. "वही तुमच्याकडे कशी?"

"विसरले होते."

"मगे तुमीच वाचा. आज खंय गेल्ले ते?"

मी डावं पान वाचलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "निळी म्हणजे कशी ओ? आभाळासारी, काय गडद?"

दोन तास मी त्या धक्क्यावर होतो. त्या माणसाची उंची, वर्ण, चपलेचा तुटलेला अंगठा, सगळं मला पाठ होतं. निळी होडी मी पाहिलीच नव्हती. पंचनामे लिहिण्यात ज्याचा हात धरणारा ठाण्यात कोणी नव्हता, त्याला एक रंग सांगता येईना. फार लाज वाटली.

"गडद," मी ठोकून दिलं.

पुढं उजवं पान होतं. ती एक ओळ आता मला समजत होती. चादरीखालच्या त्या पायांकडे बघून किल्ल्याचा सोपा चढही समजला. ठाण्यात मी ज्यावरून त्यांच्या अंगावर ओरडलो होतो, ते हे होतं. मी एक पान मागे उलटलं आणि आदल्या रविवारच्या, वसईच्या बाजारातल्या केळीवाल्या वाचायला घेतल्या.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उजवीकडचा तुमीय वाचलास नाय. बरा केलास. हे पण वाचणत नाय, मी पण इचारणंय नाय."

चहा नको म्हणून उठलो.

पावणेचारला ते ठाण्यातून सुटले. मी वही परत केली, माफी मागितली. त्यांनी एवढंच विचारलं, "वाचलंत?" मी म्हणालो, "डावं." त्यांनी वही पिशवीत टाकली आणि ते घाईनं बाहेर पडले. स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'चौकशीअंती आक्षेपार्ह काही आढळले नाही.'

लपवणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे त्या वहीनं मला शिकवलं. प्रशिक्षणात हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर चौकशीला बसलो की आवाज चढवण्याआधी मी थोडा थांबायचो.

आता मला वेळच वेळ आहे. मी आणि बायको अधूनमधून गोराईला जातो. परवा भरती ओसरल्यावर हात धरून वाळूत चालत होतो. समोर एका दगडावर कोणी गृहस्थ एकटेच बसले होते. माझ्याही नकळत मी तिचा हात सोडला.

"काय झालं हो?" तिनं विचारलं.

तेव्हा चालता चालता तिला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ते गृहस्थ मागे पडेपर्यंत ती तशीच चालत राहिली, आणि मग तिनंच माझा हात पुन्हा धरला.